हदगावसारख्या तालुक्यात फिनटेक: पैसा मोबाइलवर आला, पण हातात येताना काय होतं?

नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ३३ लाख ६१ हजार होती. युरोपातल्या लिथुआनिया या देशाची लोकसंख्या आज साधारण २९ लाखांच्या घरात आहे. हा छोटासा देश फिनटेक कंपन्यांना परवाने देण्यासाठी जगभर ओळखला जातो. म्हणजे आकाराने आपला एक जिल्हाही एखाद्या देशाएवढा भरतो. मग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठावर, विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या हदगावसारख्या तालुक्यात फिनटेकची स्थिती काय आहे? चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड आपल्याला दिसतो. पण त्यापलीकडे काय बदललं, काय अडलं आणि पुढे कोणती आव्हानं आहेत, ते या लेखात समजून घेऊ.

फिनटेक म्हणजे नेमकं काय?

वित्त आणि तंत्रज्ञान यांची सांगड म्हणजे फिनटेक. पैसे पाठवणं, काढणं, साठवणं, कर्ज घेणं, विमा उतरवणं ही जुनीच कामं मोबाइल, इंटरनेट आणि ओळखपत्राच्या डिजिटल पडताळणीच्या मदतीने करणं, एवढाच त्याचा सोपा अर्थ.

हदगाव, तामसा, निवघा किंवा मनाठ्याच्या बाजारात त्याची चार रूपं दिसतात. पहिलं यूपीआय, म्हणजे फोनवरून थेट खात्यातून खात्यात पैसे. दुसरं आधारवर चालणारी एईपीएस सेवा, म्हणजे अंगठा लावून पैसे काढणं. तिसरं डीबीटी, म्हणजे सरकारी अनुदान थेट खात्यात येणं. चौथं डिजिटल कर्ज. पहिली तीन रूपं आता सवयीची झाली आहेत. चौथं अजून रांगत आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

इथवर आपण कसे आलो?

हदगाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे उस्मानिया सिक्का हे वेगळं चलन चालायचं. १९४१ मध्ये संस्थानाची सरकारी बँक म्हणून सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांचं पहिलं बँक खातं याच बँकेतलं. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

खेड्यात बँक नेण्याचा दुसरा प्रयत्न १९७६ मध्ये झाला. त्या वर्षी नांदेड मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. २००९ मध्ये विलीनीकरणातून तिची महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात मिसळली आणि राज्यात एकच ग्रामीण बँक उरली.

तरीही प्रत्येक गावात शाखा उघडणं कोणत्याच बँकेला परवडलं नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना गावातल्या व्यक्तीमार्फत सेवा देण्याची मुभा दिली. हाच आपला बँक मित्र, आणि त्याचं दुकान म्हणजे ग्राहक सेवा केंद्र.

त्यानंतर एकेक तुकडा जोडला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. आधार, खातं आणि मोबाइल या तीन गोष्टी एकत्र आल्यावर पुढचा वेग सगळ्यांनी पाहिला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभरात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले.

पैसा डिजिटल येतो, रोख होऊन जातो

तालुक्यातल्या एखाद्या घरात वर्षभरात सरकारकडून काय काय जमा होतं ते बघा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रुपये, लाडकी बहीण योजनेचे पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये, शिवाय निराधार योजनेचं मानधन, पीक विमा आणि अतिवृष्टीचं अनुदान. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पावसाने खरीप झोपवला. त्यानंतर जाहीर झालेली मदतही थेट खात्यावरच पाठवण्यात आली.

आता या पैशाचा पुढचा प्रवास पाहा. शेतमजुरी, आठवडी बाजार, दवाखाना, लग्नातला आहेर अशा बऱ्याच ठिकाणी रोकड लागते. ज्यांच्या हातात साधा फोन आहे किंवा ज्यांच्या घरात एकच स्मार्टफोन मुलाकडे असतो, त्यांच्यासाठी खात्यातला पैसा म्हणजे काढून आणायचा पैसा. त्यामुळे खात्यात आलेली रक्कम बँक मित्राच्या टेबलावर नोटांमध्ये बदलते.

म्हणूनच ग्रामीण फिनटेकचा खरा कणा ॲप नसून हा टेबल आहे. तो मोडला तर बाकी सगळं कागदावर राहील.

या टेबलाचं गणित मात्र नाजूक आहे. बँक मित्राला प्रत्येक व्यवहारामागे बँकेकडून कमिशन मिळतं. त्यातून जागेचं भाडं, इंटरनेट, यंत्र, वीज आणि नांदेड किंवा हदगावहून रोकड आणण्याचा खर्च भागवायचा असतो. रोकड घेऊन मोटारसायकलवर फिरण्याची जोखीम वेगळी. अनुदान जमा झालं की दोन दिवस रांग लागते आणि नेमकी तेव्हाच रोकड संपते. एरवी दिवसभरात मोजकेच व्यवहार होतात.

नियमाप्रमाणे बँक मित्राने ग्राहकाकडून स्वतःहून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. पण कमिशनमध्ये भागत नसेल, तर हजारामागे दहा-वीस रुपये कापून घेण्याचा मोह होतो. त्याची पावती नसते, त्यामुळे तक्रारही होत नाही.

इथे केनियाचं उदाहरण उपयोगी आहे. तिथे २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली आणि गल्लोगल्ली एजंटांची दुकानं उभी राहिली. तिथे पैसे काढायला शुल्क लागतं, पण त्याचं दरपत्रक जाहीर असतं. ग्राहकाला आधीच कळतं की किती कापले जाणार आणि एजंटाला कळतं की आपल्याला किती मिळणार. आपल्याकडे सेवा मोफत असल्याचं सांगितलं जातं आणि खर्च कुणाच्या तरी खिशातून गुपचूप निघतो. मोफत सेवा हवी असेल तर बँकांनी आणि सरकारने कमिशन पुरेसं द्यायला हवं. तसं होणार नसेल, तर निदान शुल्क तरी उघड असावं.

‘आधार लिंक आहे’ तरी पैसे का येत नाहीत?

हा प्रश्न सेवा केंद्रावर रोज विचारला जातो. गोंधळाचं कारण असं, की ‘लिंक’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली गोष्ट म्हणजे खात्याच्या केवायसीसाठी दिलेला आधार क्रमांक. असा आधार तुम्ही तीन बँकांत दिला असेल तर तीनही खात्यांना जोडलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे डीबीटीसाठीचं सीडिंग. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. अनुदान त्याच बँकेत जातं. नवीन खातं उघडताना सीडिंगच्या अर्जावर सही केली, तर पैसे नव्या बँकेत जाऊ लागतात आणि जुन्या पासबुकात एन्ट्री होत नाही. पैसे बुडालेले नसतात, दुसऱ्या खात्यात पडून असतात. कोणती बँक सीड आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये पाहता येतं.

त्यावर ई-केवायसी, फार्मर आयडी अशा अटींची भर पडली आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. प्रत्येक नवीन पडताळणीमागे बोगस लाभार्थी थांबवण्याचा हेतू असतो. पण नावातल्या एका वेलांटीच्या फरकाने किंवा कापूस वेचून झिजलेल्या बोटांचा ठसा न जुळल्याने खरा माणूसही अडतो. चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आता काही सेवांमध्ये आली आहे. ती प्रत्येक केंद्रावर मिळायला हवी.

कर्जाचं घोडं कुठे अडलं?

हदगावचा शेतकरी प्रामुख्याने सोयाबीन, कापूस आणि हळद घेतो. जूनमध्ये बी-बियाणं आणि खताला पैसा लागतो, हातात येतो तो दिवाळीच्या पुढे-मागे. हळदीचं तर आणखी लांबतं. मधल्या काळाचा पूल म्हणजे पीक कर्ज. ३ लाख रुपयांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्याने पडतं. याहून स्वस्त कर्ज कोणतंही ॲप देऊ शकत नाही.

अडचण दराची नाही, मिळण्याची आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार, इतर बँकांची बेबाकी प्रमाणपत्रं, जुनी थकबाकी, आणि अलीकडे सिबिल स्कोअर. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं राज्य सरकारने बँकांना अनेकदा बजावलं, तरी तक्रारी थांबत नाहीत. मग माणूस कृषी सेवा केंद्राच्या उधारीकडे, आडत्याच्या उचलीकडे किंवा खासगी सावकाराकडे वळतो. उचल घेतली की माल त्याच आडतीवर घालावा लागतो आणि भाव ठरवण्याची ताकद तिथेच जाते.

इथे तंत्रज्ञानाचा खरा उपयोग होऊ शकतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता घरबसल्या मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो. हे सगळं बँकेला थेट दिसलं, तर शेतकऱ्याला कागद घेऊन फिरण्याची गरजच नाही. रिझर्व्ह बँकेने याच हेतूने ऑगस्ट २०२३ मध्ये एका सामायिक व्यासपीठाची चाचणी सुरू केली. ते आता यूएलआय, म्हणजे युनिफाइड लेंडिंग इंटरफेस, या नावाने ओळखलं जातं. किसान क्रेडिट कार्डाच्या चाचणीत ज्या राज्यांचा समावेश होता त्यांत महाराष्ट्रही होता.

दुसरी वाट आहे वखार पावतीची. माल निघाला की भाव पडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण हंगामात मोंढ्यात त्याहून कमी भावाने माल द्यावा लागतो. माल नोंदणीकृत गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक पावतीवर तारण कर्ज घेतलं, तर घाईने विकावं लागत नाही. अशा पावत्यांची व्यवस्था देशात २०१७ पासून आहे. मात्र दोन-चार क्विंटलवाल्या शेतकऱ्याला गोदामापर्यंतचं भाडं परवडायला हवं आणि गोदाम तालुक्यात हवं. ॲप कितीही चांगलं असलं, तरी सोयाबीन ठेवायला छप्परच लागतं.

मोबाइलवरची झटपट कर्जं

पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप तरुणांच्या फोनवर पोहोचली आहेत. त्यांतली काही अधिकृत आहेत, काही निव्वळ सापळे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये यासाठी नियम केले. त्यानुसार कर्जाची रक्कम थेट बँक किंवा वित्त कंपनीच्या खात्यातून कर्जदाराच्या खात्यात यायला हवी. एकूण वार्षिक खर्च किती पडेल हे सांगणारं पत्रक आधी द्यायला हवं. फोनमधले फोटो आणि संपर्क यादी ॲपला घेता येत नाही. कोणतं ॲप कोणत्या अधिकृत संस्थेचं आहे याची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

गावात बचत गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांनाही मर्यादा आहे. ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. पण उत्पन्न कागदावर फुगवून दाखवलं, तर ही मर्यादा निरुपयोगी ठरते.

छोट्या बँका, मोठी जोखीम

मराठवाड्यात नागरी सहकारी बँका, जिल्हा बँक, सेवा सोसायट्या आणि पतसंस्थांचं जाळं जुनं आहे. ग्राहकाला सगळीकडे मोबाइल सुविधा हवी असते. पण सायबर सुरक्षेवर मोठ्या बँकेएवढा खर्च छोटी बँक करू शकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या, दुसऱ्या बँकेत असलेल्या खात्यातून भामट्यांनी १४ कोटींहून जास्त रक्कम वळती केली. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेला ९४ कोटींचा फटका बसला होता. म्हणजे हा धोका दूरच्या शहरापुरता नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा संरक्षण असतं. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना ते नसतं. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकल्यावर मराठवाड्यातल्या असंख्य कुटुंबांना हे कळलं. चकचकीत ॲप आणि एसएमएस म्हणजे सुरक्षितता नव्हे.

फसवणूक झाली तर तोटा कुणाचा?

पुढच्या काळातला सगळ्यात कळीचा प्रश्न हाच आहे. ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा जातो. क्यूआर स्कॅन करून ‘पैसे घ्या’ असं सांगितलं जातं. अंगठ्याच्या ठशाची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकारही देशात घडले आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही. पण पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं. इंग्रजीत आलेला एसएमएस न वाचता येणाऱ्या बाईचा ‘निष्काळजीपणा’ कसा ठरवायचा? सूचना मराठीत येणं ही सोय नाही, हक्काचा भाग आहे.

दुसरी बाजू दुकानदाराची आहे. फसवणुकीचे पैसे चार खाती फिरून कुणी त्याच्याकडे किराणा घेतला, तर तपासात त्याचं खातं गोठवलं जाऊ शकतं. चार-पाचशे रुपयांच्या विक्रीपायी खातं अडकल्याचा अनुभव आला की माणूस क्यूआरचं स्टिकर काढून ठेवतो. थोड्या पैशांसाठी आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देणारी पोरं या साखळीची पहिली कडी असतात, आणि पोलीस आधी त्यांच्याच दारात येतात.

पुढची आव्हानं

पहिलं आव्हान टेबलाचं. १ जानेवारी २०२६ पासून एईपीएस चालवणाऱ्यांची कसून पडताळणी आणि देखरेख बँकांवर बंधनकारक झाली आहे. हे गरजेचंच आहे. पण पडताळणी वाढेल आणि कमिशन तेवढंच राहील, तर प्रामाणिक माणूस आधी दुकान बंद करील.

दुसरं आव्हान खर्चाचं. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही. ही यंत्रणा चालवायला पैसा लागतोच. उद्या शुल्क आलं तर छोट्या दुकानदाराला वगळायला हवं. शिवाय यूपीआयचे बहुतेक व्यवहार फक्त दोन ॲपवरून होतात, तीही एक जोखीम आहे.

तिसरं आव्हान साध्या फोनचं. इंटरनेटशिवाय चालणारी यूपीआय १२३पे ही सेवा मार्च २०२२ पासून आहे, पण तिची माहिती देणारं गावात कुणी नाही.

चौथं आव्हान माहितीच्या मालकीचं. सातबारा, पीक पाहणी, फार्मर आयडी आणि बँक खातं एकत्र जोडलं, की शेतकऱ्याचं पूर्ण आर्थिक चित्र समोरच्याला दिसतं. त्यावरून कर्ज मिळू शकतं, तसंच नाकारलंही जाऊ शकतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. संमती म्हणजे केंद्रावर घाईत लावलेला अंगठा नव्हे, हे त्या कायद्याने प्रत्यक्षात दाखवायचं आहे.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

• पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच.
• अंगठा लावल्यावर छापील पावती मागा. ‘सर्व्हर डाउन’ सांगितलं तरी खात्यातली शिल्लक तपासा.
• एईपीएसमध्ये खात्यातून रक्कम कापली गेली पण हातात मिळाली नाही, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.
• गरज नसेल तेव्हा आधारचे बायोमेट्रिक एमआधार ॲपवरून लॉक ठेवा.
• फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.
• बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

थोडक्यात, हदगावसारख्या तालुक्यात फिनटेक पोहोचलं की नाही हा प्रश्न आता जुना झाला. आता मोजायचं ते वेगळं. अनुदानाचे १,५०० रुपये पूर्ण १,५०० हातात येतात का, पेरणीआधी कर्ज मिळतं का, आणि पैसे चुकीच्या जागी गेले तर तालुक्यातच कुणी दाद घेतं का. या तीन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी आली, तरच मोबाइलवर आलेला पैसा खऱ्या अर्थाने घरात आला असं म्हणता येईल.